पाटणकर लिहिणाऱ्या काकू

काकूंना स्वतःच्या विनोदावर हसू आवरायचं नाही, आणि तेही विनोद होण्याआधीच. विंगेत प्रॉम्प्टिंगला उभ्या राहिल्या की नटाच्या तोंडून वाक्य बाहेर पडायच्या आत काकूंचं खिदळणं पहिल्या रांगेपर्यंत पोचायचं. प्रेक्षक मग त्या खिदळण्यालाच हसायचे आणि नट बिचारा तोंड उघडं ठेवून उभा. "अहो काकू, आम्हाला बोलू तरी द्या," असं आम्ही दरवर्षी म्हणायचो. "मी लिहिलंय ना, मग पहिला हक्क माझा," असं त्यांचं दरवर्षीचं उत्तर.

काकू मूळच्या सोलापूरच्या. लग्न होऊन लंडनच्या कडेच्या हाउन्सलोला आल्या, विमानतळावरच्या अत्तराच्या दुकानात त्यांनी उभी हयात काढली, नवरा लवकर गेला आणि मूलबाळ नव्हतं. पण त्यांचं एक कुटुंब होतं, ते म्हणजे पाटणकर. आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी अर्ध्या तासाचं एक विनोदी नाटुकलं व्हायचं. घर तेच, माणसं तीच, भानगड नवी. हीटिंगचं बिल वाढू नये म्हणून थर्मोस्टॅटवर पहारा देणारे बाबा, चुकीच्या दिवशी कचऱ्याचा चुकीचा बिन बाहेर ठेवून साऱ्या गल्लीशी भांडणारी आजी, गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकणाऱ्या कार बूट सेलमध्ये घासाघीस करणारी आई आणि या सगळ्यांना इंग्रजीतून वैतागणारी मुलगी सई. उन्हाळा सरला की लोक फोनवर गणपतीची तारीख विचारायच्या आधी विचारायचे, "यंदा पाटणकरांकडे काय?"

मी त्यात सईची आत्या व्हायचे. आईचं काम मनीषाताईंचं, आणि सईचं काम त्यांच्याच मुलीचं, रेवाचं. खऱ्या मायलेकी रंगमंचावरही मायलेकी, ही काकूंची युक्ती. त्यामुळे त्या दोघींचं भांडण लिहावंच लागत नाही, असं त्या म्हणायच्या. रेवा शाळेत असल्यापासून सई होती. ती युनिव्हर्सिटीत गेली तशी सईही गेली.

तालमी काकूंच्या पुढच्या खोलीत व्हायच्या. डोक्यावरून विमान गेलं की सगळे वाक्य अर्ध्यात तोडून थांबायचे आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू. तालमीनंतर चहा, चिवडा आणि घरी सोडण्याच्या वाटण्या. ज्याची गाडी ज्या बाजूला, त्याने त्या बाजूच्या मुलींना सोडायचं, ही मंडळाची जुनी रीत. देशापासून इतक्या लांब आल्यावर प्रत्येक पुरुष कुणाचा तरी काका होतो आणि काकाच्या गाडीत बसताना कुणी दोनदा विचार करत नाही. सगळ्यांत मोठी गाडी स्पीकरवाल्या काकांची. मंडळाचे स्पीकर, माईक, गणपतीचं मखर सगळं त्यातूनच यायचं, म्हणून त्यांना मान.

विनोदाबद्दल काकूंचा एक नियम होता. "विनोद घरातल्यावर करायचा. बाहेरच्याला कोणीही हसतं." म्हणून पाटणकरांत गोऱ्या शेजाऱ्याची टिंगल कधी झाली नाही. झाली ती आपलीच: आपला कद्रूपणा, आपल्या आडून आडून जात विचारायच्या पद्धती, आपलं 'लोक काय म्हणतील'. आपली खोड दिसली की लोक टाळ्या वाजवायचे, आणि एखाददुसरा घरी जाताना गप्प असायचा. त्या गप्प माणसासाठी आपण लिहितो, असं काकू म्हणायच्या.

रेवा बावीस वर्षांची असताना एका तालमीनंतर स्पीकरवाल्या काकांनी तिला सोडलं. वाटेत त्यांनी गाडी वेगळ्याच रस्त्याला घातली, एका बंद गोदामापाशी थांबवली आणि तिच्यावर हात टाकला. तिने त्यांच्या मनगटाला चावा घेतला, दार उघडून पळाली आणि बस पकडून घरी गेली. घरी कोणाला काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी काकूंकडे आली आणि म्हणाली, "काकू, मम्मीला सांगायला लागले की तिथे माझा मराठी संपतो. इंग्लिशमध्ये सांगितलं तर ती म्हणेल, तू ओव्हररिअ‍ॅक्ट करते. तुम्ही लिहा ना. सई बोलेल, मग मी बोलेन."

काकूंनी आधी पोलिसांत जाण्याबद्दल विचारलं. रेवा म्हणाली, जाईन, पण आधी मम्मी. तेव्हा काकू लिहायला बसल्या. त्या भागात सई सुट्टीला घरी आली आहे आणि एका काकांकडच्या सत्यनारायणाला जायला तयार नाही. बाबांना वाटतं, हिला कोणी मुलगा भेटला. आजीला वाटतं, पोट बिघडलं. आत्या तर पत्रिका काढून बसते. लोक पोट धरून हसतील असाच तो पहिला अर्धा भाग होता. मग सई खरं सांगते. आणि आई म्हणते, "अगं, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल. ते तसे नाहीत." त्यापुढचा प्रवेश दुसऱ्या दिवशी सकाळचा. सई तीनतीनदा दाराची कडी बघते, चहा तसाच गार होतो आणि थर्मोस्टॅटवरचं भांडण चालूच राहतं. मी काकूंना विचारलं, शेवट कुठे आहे? त्या म्हणाल्या, "प्रसंग एका दिवसात होतो. चहा रोज करावा लागतो. तोच शेवट."

पहिल्या वाचनाला मनीषाताई नेहमीसारख्या रंगात होत्या. सईचं वाक्य आल्यावर रेवाने हातातले कागद खाली ठेवले. "मम्मी, हे नुसतं लिहिलेलं नाही. हे झालंय. मला झालंय." मनीषाताईंनी विचारलं, कोण. रेवाने नाव घेतलं. खोलीत आम्ही सगळे होतो. मनीषाताईंचे कागद मांडीवर पालथे होते, त्या वाचत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल. ते तसे नाहीत."

काकूंनी फाईल मिटली आणि तालीम संपवली. त्या दिवशी रेवा त्यांच्याकडेच राहिली. काकू पुढे मला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, एखादं वाक्य किती हास्यास्पद आहे हे दाखवलं की ते कोणी खरं बोलणार नाही. मी इतकी वर्षं काय लिहीत होते मग?" विनोदावर इतका विश्वास टाकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि तो विश्वास मोडलेला पाहण्यासारखं वाईटही काही पाहिलं नाही.

मग कमिटी बसली. मनीषाताईंच्या यजमानांनीच विषय काढला होता. लहान मुलं येतात, गणपती समोर असतो, लोक चार घटका हसायला येतात, आपल्याच माणसांची बदनामी कशाला. आणि मग अध्यक्षांनी तोडगा काढला, की काकू, तो माणूस बाहेरचा करा, ट्यूब ट्रेनमधला कोणी अनोळखी, म्हणजे मेसेजही जाईल आणि कोणाला लागणारही नाही. काकू म्हणाल्या, "बाहेरचा केला तर तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल आणि मुलींना पुन्हा त्याच गाडीत बसवाल." ठरावाने नाटुकलं रद्द झालं. त्याऐवजी अंताक्षरी झाली, आणि तिचे स्पीकर त्याच गाडीतून आले. सुशिक्षित माणसं, कोणी डॉक्टर, कोणी बँकेत, ऑफिसात याच विषयावरची ट्रेनिंगं करून सर्टिफिकेट मिळवणारी, आणि स्पीकर दुसरीकडून आणायची त्यांची हिंमत झाली नाही.

रेवा पोलिसांत गेली. सोबत काकू गेल्या. जबाब झाला, पण गाडीत तिसरं कोणी नव्हतं आणि प्रकरण पुढे उभं राहिलं नाही. "पाहा, पोलिसांनाही काही सापडलं नाही," असं मंडळात ज्या सुरात बोललं गेलं, तो सूर मी विसरणार नाही. आजही त्या माणसांच्या घरी मी चहा घेत नाही.

काकूंनी लायब्ररीची वरची खोली भाड्याने घेतली आणि पाटणकरांचा तो भाग तिथे केला. रेवा सई झाली. मनीषाताई येणार नव्हत्या, म्हणून आईचं काम मी केलं. बहुतेक बायकाच आल्या होत्या, त्याही थोड्या. आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या, आणि संपल्यावर निघायला म्हणून कोणी कोट घातला नाही. पांढऱ्या केसांच्या एक आजी उठून एवढंच म्हणाल्या, "माझे थोरले दीर होते," आणि शाल सावरून खाली बसल्या. त्यानंतर एकेक जण बोलत गेली. काकू विंगेत नव्हत्या, विंग नव्हतीच. त्या दाराशी खुर्चीवर बसून ऐकत होत्या.

यानंतर काकूंना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. दिवाळीच्या फराळाचे डबे थांबले. रेवाला लीड्सच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, ती घरी यायची थांबली. दर रविवारी काकू तिला फोन करायच्या, पाटणकरांकडे या आठवड्यात काय झालं ते सांगायच्या आणि सांगायच्या आधीच हसायच्या. तो भाग फक्त तिच्यासाठी असायचा. मनीषाताईंचं नाव मात्र काकूंनी तिच्यापुढे वाईट अर्थाने कधी घेतलं नाही. "आईला वेळ लागतो, पण तू वाट बघत बसू नकोस," इतकंच सांगायच्या.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. हयातीत ज्यांना वाळीत टाकलं, त्यांची शोकसभा घ्यायला मंडळ लगेच तयार झालं. गणपती बसायचा तोच शाळेचा हॉल, हार घातलेला फोटो, आणि फोटोसमोर माईक लावून, स्वतःच टिचकी मारून तपासून, स्पीकरवाले काका बोलायला उभे राहिले. काकू आमच्या घरातल्याच होत्या, अशी त्यांनी सुरुवात केली. मी खुर्चीचा हात धरून उठणार, इतक्यात माझ्या पुढच्या रांगेतून मनीषाताई उठल्या.

"तुम्ही काकूंबद्दल बोलू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या मुलीला तुम्ही गाडीत धरलंत. तिने मला ते काकूंच्या घरी सांगितलं आणि मी तिला खोटं पाडलं. काकूंनी नाही पाडलं. तुम्ही खाली उतरा."

अध्यक्ष पुढे झाले आणि वहिनी, आज हा विषय नको, असं हळूच म्हणाले. मनीषाताई बसल्या नाहीत. ते काका खाली उतरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

रेवा मागे दाराशी होती, लीड्सहून आलेली, कोटही न काढलेली. तिने सगळं ऐकलं. ज्यांना हे जिवंतपणी ऐकायला मिळायला हवं होतं त्या काकू फोटोत होत्या, आणि याबद्दल मी कोणालाही माफ केलेलं नाही.