हातोदकडचे पांढरे थर

आमच्या घरात भांडण एकच, शहराबाहेरच्या हातोद गावाकडच्या दगडांवरून. आम्ही नवराबायको दोघंही कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो. बाकीच्यांची भांडणं सासरच्यांवरून, आमची गोगलगायींवरून. तिकडच्या दोन गावांतल्या विहिरींत काळ्या दगडामध्ये एकेक पांढरट थर दिसतो, एकीकडे वर, दुसरीकडे खोल. जुन्या तळ्याचा गाळ तो, आत दगड झालेल्या गोगलगायी. ह्यांचं म्हणणं, थर एकच आहे, जमीन खचून एकीकडे खाली गेलाय. मी म्हणायची, तळी दोन. पहिल्यावर लाव्हा पसरला, थंड झाला, आणि पुष्कळ काळानं त्याच्यावर दुसरं झालं. मधली सगळी जमीन काळ्या मातीखाली, मग ठरणार कसं? सकाळच्या पोह्यांपासून आमचं सुरू व्हायचं. हट्टी माणूस, बिलकुल ऐकायचा नाही.

हे गेले, तरी भांडण थांबलं नाही. अन्नपूर्णा भागातल्या ह्या फ्लॅटमध्ये मी भाजी चिरताना मोठ्यानं मुद्दे मांडायची. ते काय उत्तर देतील तेही मला पाठ होतं. मुलगी फोनवर म्हणायची, आई, एकटी बडबडू नकोस. आता हिला काय सांगू, एकटी कुठे होते मी?

गेल्या उन्हाळ्यात कळलं, त्या दोन गावांच्या बरोब्बर मध्ये कुणीतरी विहीर खोदतंय. लगेच ऑटो करून गेले. शेतकरी भला माणूस, जास्त वाकू नका म्हणाला, पण मी कसली ऐकतेय! वर पांढरा थर होता. त्याखाली पुरुषभर काळा दगड. आणि त्याच्याही खाली पुन्हा पांढरा. दोन्हींतले तुकडे मागून घेतले, दोन्हींत गोगलगायी.

"बघा, सांगत होते ना," म्हणत मी मागे वळले. मागे शेतकरी उभा होता.

"तो मॅडमजी, आपका काम हो गया?" त्यानं विचारलं.

हो गया भिया, मीही इकडच्या हिंदीत म्हटलं आणि ऑटोत बसले. मंडीपाशी ट्रॉल्यांच्या गर्दीत बराच वेळ अडकलो. मी वाट बघत होते. हे आता नेहमीसारखी काहीतरी पळवाट काढतील, माझं डोकं खातील. काहीच ऐकू येईना. मग मीच त्यांच्या बाजूनं मुद्दा शोधायला लागले. एखादी फट, एखादी शंका, काहीही चाललं असतं. पण इतकी स्पष्ट विहीर, एकसुद्धा सापडेना. "अहो, काहीतरी बोला ना," मी म्हटलं. ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, मुझसे कुछ कहा?