तीन वर्षांपासून

वैद्यकीय विम्याचा अर्ज मी आदिलाबादच्या बसस्थानकासमोर, हॉटेलातल्या बाकावर बसून भरला. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी एका मराठी दैनिकाचा जिल्हा बातमीदार होतो. विमा एजंट ओळखीचा होता. "पत्रकारसाहेब, स्वतःचा काढताच आहात तर वडिलांचंही नाव घाला," तो म्हणाला. दिवाळी जवळ आली होती आणि मला एका बातमीसाठी बेल्लमपल्लीची गाडी पकडायची होती. सध्या काही आजार आहे का, या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं. वडिलांना विचारलं नव्हतं.

वडील बाजारहत्नूरकडच्या एका गावात खासगी संस्थेच्या मराठी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर उपचारांच्या खर्चाची कोणतीही सोय त्या संस्थेत नव्हती. गावात त्यांचा आवाज ओळखीचा होता. बुद्धविहारात दर पौर्णिमेला वंदना तेच म्हणत आणि पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचनही तेच करत. उन्हाळ्यात त्यांचा घसा बसे. खडूनं बसतो, असं घरात सगळे म्हणत. खडू सुटल्यावरही तसंच म्हणत राहिले.

विम्याचं दुसरं वर्ष सुरू झालं आणि संक्रांतीनंतर हैदराबादच्या एका खासगी रुग्णालयात त्यांच्या घशात गाठ निघाली. तुकडा तपासला. कर्करोग होता. शस्त्रक्रिया केली तर आवाज जाईल, रेडिएशननं गाठ विरघळली तर आवाज राहण्याची शक्यता चांगली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी दवाखान्यात रेडिएशनचं जुनं, कोबाल्टचं यंत्र होतं, पण तिथला नंबर दोन महिन्यांनी लागणार होता. या रुग्णालयात नवं यंत्र आलं होतं. कॉम्प्युटरवर आखणी करून किरण नेमके गाठीवर सोडता येत. तेहतीस दिवस, आठवड्यातून पाच. डॉक्टरांनी एकच अट घातली. "बीचमें गॅप नहीं. जितने दिन आप रुकेंगे, गाठ नहीं रुकेगी."

त्या काळी विम्यात आधी आपण खर्च करायचा, मग कागद पाठवायचे, मग पैसे येत. वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून पंचवीस दिवसांची सोय होत होती. मधेच बिल पाठवता येईल, असं विमा कंपनीच्या अधिकाऱ्यानं सांगितलं होतं. त्या बिलाच्या भरवशावर आम्ही सुरुवात केली. रुग्णालयामागच्या गल्लीत एक खोली घेतली, आई स्टोव्ह घेऊन आली. वडील या उपचाराला 'सेक' म्हणत. रोज साडेदहाला चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून त्यांना टेबलाला जखडत, दार बंद होई, आणि काही मिनिटांनी ते स्वतःच्या पायांनी बाहेर येत. मी बाहेरच्या बाकावर टिकत नसे. जिन्यापर्यंत जाई, परत येई, भिंतीवरची तीच पाटी वाचे.

बाविसाव्या दिवशी, मंगळवारी, पाठवलेल्या पहिल्या बिलावर विमा कंपनीचं पत्र आलं. रुग्णालयाच्या पहिल्याच केसपेपरवर 'आवाज घोगरा, तीन वर्षांपासून' अशी नोंद होती. विमा सव्वा वर्षापूर्वीचा. आजार विम्याच्या आधीचा ठरतो, सबब खर्च देय नाही. आणखी तीन दिवसांचे, शुक्रवारपर्यंतचे पैसे शिल्लक होते. सेक सोमवारी थांबणार होता.

ती नोंद झाली तेव्हा मी वडिलांच्या शेजारी उभा होतो. तरुण डॉक्टरनं विचारलं होतं, "कबसे है?" वडील म्हणाले होते, "तीन साल से." मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पत्र हातात आल्यावर मात्र मी खोलीत जाऊन त्यांना विचारलं.

"बाबा, तीन वर्सं काऊन सांगितलं तुमी?"

घसा सोलवटला होता, तरी तोवर ते कुजबुजत बोलत. "दोन मयन्यापासून म्हटलं तं डाक्टर गोळ्या देते अन् म्हणते, पंधरा दिसांनं या. तीन वर्सं म्हटलं का मान वर करते. तुले नाई ठाऊक?"

मला ठाऊक होतं. आमच्याकडे सगळेच असं सांगतात. आदिलाबादच्या दवाखान्यात रांगेत उभ्या बायका आधी आपसात ठरवतात, कंबर किती वर्षांपासून दुखते म्हणून सांगायचं. मीही माझ्या खोकल्याला एकदा सहा महिने लावले होते.

आई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाली, "तीस वर्सं मास्तरकी केली. पोराइच्या हजेऱ्या मांडल्या. स्वतःच्या दुखण्याची तारीख आली तं आकडा फुगवला."

"तू तं गुडघा आपल्या लग्नापासून दुखते म्हनतं," वडील म्हणाले.

"ते खरंच हाये," आई म्हणाली.

मग मी वडिलांना पढवलं. उद्या डॉक्टर विचारतील, तेव्हा फक्त पाच महिने म्हणा, दुसरं काही बोलू नका. दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, हे मी माझ्या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगत असे. त्या संध्याकाळी मी वडिलांकडून 'पाच महिने' चार वेळा म्हणवून घेतलं.

बुधवारी सेक झाल्यावर आम्ही मोठ्या डॉक्टरांपुढे बसलो. लिहिलेली ओळ खोडणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. रुग्ण आता जे सांगेल ते वेगळ्या कागदावर लिहून सही करीन, म्हणाले. मग वडिलांकडे वळून त्यांनी विचारलं, कधीपासून?

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घसा खरवडत, हिंदीत, थांबत थांबत ते बोलले. आवाज तीन उन्हाळे बसत होता आणि पावसात परत येत होता. हे खरं आहे. गेल्या पावसात आला नाही. वर्षावासात ग्रंथ वाचत होतो. भाद्रपद पौर्णिमेला मधेच आवाज बंद पडला, पोथी दुसऱ्याच्या हातात दिली. त्याला पाच महिने झाले, गेला तो गेलाच.

मी पढवलेलं त्यात अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आम्हाला बुडवणारं होतं. डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं. खाली त्यांनी स्वतःचं मत घातलं: गाठ सुरुवातीच्या अवस्थेतली आहे, तीन वर्षं जुनी असती तर ती इतकी लहान राहिली नसती.

गुरुवारी पहाटेच्या बसनं मी निजामाबादला, विमा कंपनीच्या विभागीय कार्यालयात गेलो. अधिकारी तेलुगू होते, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. त्यांनी जुना केसपेपर आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ये तीन साल किसने बोला?"

"वालिदने."

"और ये पाँच महिने?"

"उन्होंनेही."

"फिर सच्चा कौनसा है साब?"

डॉक्टरसमोर वर्षं का वाढवतात, ते मी त्यांना सांगितलं. सांगताना ते मलाच खोटं वाटायला लागलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मेरी अम्मा भी ऐसाच बोलती. घुटना दस साल से दुखता बोलती, गिरी पिछले महिने." शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. अधिकारी हसले नाहीत. "लेकिन अम्मा की बात मैं फाइल में नहीं लगा सकता." त्यांनी डॉक्टरांच्या मताखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि फाइल घेऊन आतल्या केबिनमध्ये गेले.

मी दोन तास व्हरांड्यात होतो. सरबताच्या गाडीपर्यंत चार वेळा गेलो, सरबत एकदाच घेतलं. जेवणाची सुट्टी झाली, संपली. साडेतीनला त्यांनी बोलावलं. पहिलं बिल मंजूर झालं होतं. चेकला वेळ लागणार होता, म्हणून रक्कम पाठवत आहोत असं रुग्णालयाच्या नावे पत्र टाइप करून दिलं. पत्राच्या शेवटी इशारा होता: पुढची बिलं पुन्हा तपासली जातील.

शुक्रवारी सकाळी हैदराबादला उतरून मी थेट रुग्णालयात गेलो. लेखा खिडकीवरच्या बाईनं पत्र दोनदा वाचलं, वर कुणाला तरी फोन केला, आणि सोमवारपासूनच्या आठ दिवसांच्या चिठ्ठीवर शिक्का मारला.

वडील आत टेबलावर होते. बाहेर आले तेव्हा मानेची कातडी काळवंडलेली, डोळे खाली. दोन दिवसांत त्यांचा आवाज पूर्ण बंद झाला होता. असं होणारच, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. आईनं त्यांना चाळीस पानी वही आणि पेन्सिल दिली होती. बाकावर बसून त्यांनी लिहिलं: 'मिळाले?' मी मान हलवली. त्यांनी वही मिटली. मग पुन्हा वही उघडली आणि शाळेतल्या त्या सुबक अक्षरात लिहिलं:

'आदल्या वर्षीही भाद्रपदात चार दिवस पोथी दुसऱ्याने वाचली होती. ते मी सांगितले नाही.'

मी ते दोनदा वाचलं. आदलं भाद्रपद विम्याच्या आधीचं होतं. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. त्यांना ऐकू व्यवस्थित येत होतं, तरी मी ती घेतली आणि त्या ओळीखाली लिहिलं: 'सोमवारी साडेदहा.'