हवेचा सातबारा

लाइनमन काकांना वायर बघवत नसे. उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेला, तरी लोंबती वायर दिसली की चिडत. "आयुष्यभर हीच ओढली आणि हिच्यापायी लोकांची बोलणी खाल्ली. ह्याच्या झाडावरून का नेली, त्याच्या कौलावरून का नेली! नुसती कटकट!"

निर्मळ गावात आमचं घर केळीच्या वाडीत, पार आत. रस्त्यावरून वायर आणायची तर दाजींच्या वाडीवरून. आणि हे शेजारी दाजी, बांधाच्या जुन्या भांडणापायी वायर येऊ देईनात. इकडे आई अंथरुणाला खिळलेली. तिची कूस बदलायलाही मीच. मोबाइलची रेंज आमच्याकडे पाहुण्यासारखी, आली तर आली. ऑफिसनं बजावलं, इंटरनेट पक्कं नसेल तर सोमवारपासून अंधेरीला हजर व्हा. नोकरी सोडू की आईला? मी बांधावर बसून चक्क रडले.

"रडतेस काय, बाय?" काका म्हणाले. "वाट अडली की वर बघायचं."

काकांचं घर रस्त्याला लागून, तिथं इंटरनेट होतं. त्यांनी आपल्या गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून त्यावर बशीएवढा अँटेना बसवला, दुसरा तसाच आमच्या टाकीवर, अगदी समोरासमोर. मध्ये ना वायर, ना खांब, ना खोदाई. पण सिग्नल काही मिळेना. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. आडवी येत होती आमचीच केळीची पानं! "पाण्यानं भरलेलं पान सिग्नल पिऊन टाकतं. बागायतदाराच्या पोटी जन्मून एवढं कळू नये मला!" त्यांनी दोन्हीकडचे पाइप उंच केले आणि आमच्या घरात वायफाय सुरू झालं. "आता आईच्या उशाशी बसून काम कर, नाहीतर विहिरीवर. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही."

दाजी तणतणत आलेच. "माझ्या वाडीवरून नेलंस!"

"नेलं. हवेचा सातबारा आण, लगेच उतरवतो."

दाजींनी सिग्नल अडवायला हद्दीवर पत्रा उभारला. काकांनी पाइप चढवला. पत्रा वाढला, पाइपही वाढला. सत्तरी ओलांडलेला माणूस कमरेला दोर बांधून चढायचा आणि खाली काकी देवाचं नाव घेत उभ्या. लोक त्यांना हट्टी म्हणत. म्हणोत! त्या हट्टावर माझं घर उभं होतं.

आणि मन केवढं! दाजींची सून शिकायला लपूनछपून आमच्या ओटीवर मोबाइल घेऊन बसायची. तिला पासवर्ड काकांनीच दिला. "भांडण बांधाचं आहे, पोरीचं नाही."

गेल्या वर्षी काका गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी पत्रा दोन हात वर गेला. माझं काम बंद. दाजी बांधावरून म्हणाले, "चढणारा गेला. आता उतरवा तो पाइप."

माझं रक्त उसळलं. तशीच काकांच्या घरी गेले. काकींनी खुंटीवरचा दोर काढून माझ्या हातात दिला.

जन्मात मी कधी पेरूच्या झाडावरही चढले नव्हते. तरी गच्चीवर गेले आणि ओरडले, "दाजी, सातबारा आणलात का?"

मी दोर कमरेला आवळला आणि पाइप तीन हात वर चढवला.