आधी जेव, मग देवाशी भांड

आदरणीय दानिएलराव कसबे, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे दानिएलमामा, पंच्याहत्तर वर्षांचे झाले. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा आनंद आहे. मामांच्या गायनाविषयी लिहू नये, एवढीच संपादकांची सूचना आहे. ती मी पाळते.

लग्न होऊन मी नवीन पनवेलला आले, ते दिवस मिस्ड कॉलचे होते. पहिल्याच रविवारी उपासनेला उशीर झाला, म्हणून मी दाराजवळच्या बाकावर टेकले. तोच मागून खणखणीत आवाज आला, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" मी तर सरकलेच, पण शास्त्रवाचन करणारे पाळकसाहेबही दोन पावलं पुढे आले. मामा नुकतेच बस कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते, हे मला नंतर कळलं.

त्यांची खरी ओळख दोन वर्षांनी इस्पितळात झाली. माझे यजमान प्रकाश द्रोणागिरीच्या एका गोदामात कामाला होते. तिथे ते शिडीवरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. पुन्हा चालता येईल का, हे डॉक्टरही सांगत नव्हते. मंडळीतली माणसं प्रेमाने भेटायला येत आणि प्रत्येक जण म्हणे, यात देवाची काहीतरी योजना असेल. आठवडाभरात मला ती योजना असह्य झाली. मी उपासना सोडली, प्रार्थनाही सोडली.

एके सकाळी मामा जेवणाचा डबा घेऊन आले. तेव्हा मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ प्रकाशसाठी प्रार्थना करत होते. ती आदामापासून सुरू झाली होती आणि अर्ध्या तासात जेमतेम नोहापर्यंत पोहोचली होती. परिचारिका इंजेक्शन घेऊन ताटकळत उभी होती. मामांनी चमच्याने डब्यावर एकच ठोका दिला. कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा. गृहस्थ वर्षानुवर्षं मामांच्याच बसने कामावर गेलेले. डोळे न उघडताच ते "आमेन" म्हणाले.

शेजारच्या खाटेवरचे इब्राहिमचाचा हसले. "मामू, माझ्या पायासाठीपण दुआ मागा. पण तुम्हीच मागा, छोटीवाली."

मामांनी मागितली. दोन स्टॉपांच्या मध्ये संपेल एवढीच.

मग मला बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी डबा उघडला.

"मामा, भूक नाही मला. आणि देवाचं नाव काढू नका. मी रागावलेय त्याच्यावर."

"रागाव ना. पण आधी जेव, मग भांड. उपाशीपोटी भांडण नीट होत नाही."

मी जेवले. मामा म्हणाले, "आता बोल. मला नको, त्याला सांग."

मी बोलले. प्रार्थनेत शोभणार नाहीत असे शब्द वापरून बोलले. आम्ही तुझं काय वाकडं केलं होतं, हेही विचारलं. मामा मान खाली घालून ऐकत होते. मी थांबले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आमेन."

"याला आमेन?"

"खरं बोललीस की. याहून कडक त्याने माझ्याकडून ऐकलंय. माझी बायको राहेल गेली, तेव्हा अकरा महिने मी देवळात पाऊल टाकलं नाही. दर रविवारी कुंपणाच्या भिंतीवर बसायचो. आत जाववेना, घरी बसवेना. कोणी विचारलं तर सांगायचो, सायकल राखतोय."

"मग?"

"सायकल नव्हतीच माझ्याकडे."

मी रडता रडता हसले. त्या रविवारी नाही, पण पुढच्या रविवारी उपासनेला गेले.

चार महिन्यांनी प्रकाश काठी टेकत चालू लागले. मंडळीत कोणीतरी "चमत्कार!" म्हणालं. मामा लगेच म्हणाले, "चमत्कार खराच. पण व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचेही आभार माना. देवाने त्यांची ड्युटी लावली होती." प्रकाश आजही जरा लंगडतात. माझा विश्वासही लंगडतो. मामांकडे तशी कबुली दिली, तर ते एवढंच विचारतात, "चालतोय ना?"

मंडळीत कोणी दोन रविवार दिसलं नाही, की मामा डबा घेऊन त्यांच्या घरी जातात. परमेश्वराने त्यांना उदंड आयुष्य द्यावं आणि त्यांचे गुडघे शाबूत ठेवावेत, ही प्रार्थना. यात आमचा स्वार्थ आहे. आमच्या सेक्टरमधल्या इमारतींना लिफ्ट नाही, आणि वरच्या मजल्यावर कोणी ना कोणी दार लावून बसलेलं असतंच.