आलोच, गुंडी लावतो

"आलोच, गुंडी लावतो."

जमीन हलत असतानाही तो हेच म्हणायचा. कोयनानगरच्या आमच्या कॉलनीला धक्के नवे नव्हते. मांडणीवरची भांडी वाजली, की आम्ही असू तसे क्वार्टरबाहेर पळायचो. कुणी टॉवेलवर, कुणी तोंडाला साबण फासलेला. सगळे व्हॉलीबॉलच्या मैदानात जमायचे आणि धक्का तीन रिश्टरचा की साडेतीनचा, यावर चहाची पैज लागायची. तोवर हा यायचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाच्या गुंड्या लावलेल्या, गळ्याचीसुद्धा. "नवरदेव आले," कुणीतरी म्हणायचं. तोही हसायचा. किल्लारीच्या भूकंपानंतर आमची पैज बंद झाली, हसणं बंद झालं. त्याची गुंडी मात्र तशीच राहिली.

ऐन उन्हाळ्यातही बाह्या न दुमडणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कदाचित त्याला शिष्ट समजला असाल. आमच्या या माणसाला सोरायसिस होता. कोपरांवर, पाठीवर, पोटऱ्यांवर लाल चट्टे आणि त्यांवर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे.

वीजगृहात तो माझ्याच पाळीला असे. पाटणकडच्या खेड्यातला, माझ्याहून थोडा मोठा. मी सांगलीहून बदलून आलो तेव्हा कॉलनीच्या संघात त्याच्याइतकी उंच उडी कुणाचीच नव्हती. नेटवर त्याचा हात दिसला, की समोरचे आधीच वाकायचे.

आमच्या संघाची एक रीत होती. गुण मिळाला, की सगळ्यांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची. खेळ संपला, की हौदावर एकाच तांब्यानं पाणी अंगावर घ्यायचं. चट्टे त्याच्या तळहातांपर्यंत आले, तेव्हा टाळीचे हात जरा अलीकडेच थांबू लागले. तांब्या त्याच्यानंतर विसळला जाऊ लागला. बोललं कुणीच नाही. कर्णधार मी होतो. वाईटपणा नको, म्हणून मी त्याला म्हणालो, "तू आता पंच हो. तुझ्याइतके नियम इथं कुणाला येतात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टीसाठी हात पुढे केला.

"बरं हाय की. घाम तरी येणार न्हाई."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

खुर्चीवर उभं राहून शिट्टी वाजवता वाजवता त्याचं पोट सुटलं. घाम आला, की चट्टे मीठ चोळल्यासारखे झोंबायचे, म्हणून तो जिना चढायचंही टाळू लागला. सकाळी बोटं आखडलेली असायची. गुंड्या लावायला आणखी वेळ लागायचा.

कराडला डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो. एखादं नवं मलम मिळेल, एवढीच आमची आशा. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब दोनदा पाहिला. म्हणाले, हा आजार शिवल्यानं पसरत नाही, आणि तो नुसता कातडीचाही नाही. आतही दाह असतो, त्याचा भार हृदयावर येतो. बसून राहणं तुम्हाला परवडणार नाही. चाला, खेळा, घाम येऊ द्या; मग अंग धुऊन तेल लावा. आधी काय खेळत होता, सोडलं का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"गुडघं गेलं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याच्यामागे लागलो. त्याची बायकोही मला म्हणायची, "भाऊजी, तुमीच सांगा त्यास्नी. माझ्याम्होरं नुसती मान हलवत्यात." मी संघातल्या सगळ्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. काहींच्या माना खाली गेल्या. मग एका संध्याकाळी, वैशाखाच्या उकाड्यात, आम्ही सगळे पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून मैदानात उतरलो. खुर्चीवरून त्यानं आम्हाला एकेक करून पाहिलं. मला वाटलं, आता उतरेल.

"काढा रं ते," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्यापायी तुमी कशाला उकडून मरताय?" आणि शिट्टी वाजवली.

त्याला खाली उतरवायला गेलो होतो आम्ही. उलट त्यानं जे इतकी वर्षं झाकलं होतं, तेच चारचौघांत दाखवून बसलो.

तरी तो चालू लागला होता, हे मला मागाहून कळलं. दुपारी, कॉलनी झोपलेली असताना, रणरणत्या उन्हात, घाटाच्या चढावर. एकदा मी मागोमाग गेलो. वळणावर तो छातीवर हात ठेवून उभा होता. गॅस हाय, म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरांकडे चल, आणि यापुढे सकाळी गारव्यात चाल, मी येतो सोबत. सकाळी लोक असत्यात, म्हणाला. मी त्याचा हात धरला, विनवलं, अगदी पाया पडायच्या बेताला आलो. त्यानं हात सोडवून घेतला.

"आता खेळायला बोलावतुयास व्हय गड्या?"

आवाजात राग नव्हता.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी त्याचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. अंगात नुसता बनियन. त्याचे उघडे हात कॉलनीनं कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. शेजारच्या बाईंनी घाबरून विचारलं, "धक्का बसला काय ओ?" आणि त्या पोराला घेऊन मैदानाकडे धावल्यासुद्धा. जमीन हलली नव्हती. घरातली भांडी शांत होती. तो घामानं निथळत होता आणि डावा दंड धरून पायरीवर बसला होता.

जीपमध्ये वहिनी पुढे बसल्या. मागं तो माझ्या अंगावर रेलला होता. रस्त्याच्या प्रत्येक वळणाला त्याचा उघडा दंड माझ्या निळ्या स्वेटरवर घासायचा आणि पांढरे पापुद्रे पडायचे. त्याला ते दिसलं. श्वास पुरत नव्हता, तरी उजव्या हातानं तो माझा खांदा झटकू लागला.

"राहू दे," मी म्हणत होतो. "राहू दे रे."

तो झटकत राहिला. पाटणच्या अलीकडे हात थांबला. कराड अजून लांब होतं.