जर्मनी पुसावी लागेल

माझी धाकटी जाऊ गाडी चालवते. मी चालवत नाही. आमच्या घरातलं बाकीचं बरंचसं राजकारण या दोन वाक्यांवरून ओळखता येतं.

जानेफळच्या माहेरी तिने लग्नाआधीच ट्रॅक्टर चालवला होता, त्यामुळे पन्नाशीत मोटार शिकायला तिला आठवडाही लागला नाही. मीही त्याच सुमारास एकदा स्टिअरिंग धरलं आणि गाडी शाळेच्या भिंतीला टेकवली. भिंतीला काही झालं नाही. तेव्हापासून मी शेजारच्या सीटवर बसते आणि रस्ता सांगते. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला ही जागा शोभते, असं मी स्वतःला समजावलं होतं. जवळजवळ पटलंही होतं.

मग तिचा मुलगा जर्मनीला गेला. ती त्याच्याकडे तीन महिने राहून आली आणि येताना त्याच्या गाडीतली जीपीएसची डबी घेऊन आली. त्याने आईसाठी तिच्यात भारताचा नकाशाही घालून दिला होता. घाटात फोनची रेंज जाते, हे खरं कारण. पण जाऊ म्हणाली, "फोनवर तर कोणीबी पाहते," आणि डबी काचेला चिकटवून तिला कुंकवाचं बोट लावलं. डबीतली बाई हिंदी बोलायची, तेही इतक्या अदबीने की आमच्या घरात तसं कोणी कोणाशी बोलत नाही. मी "उजवीकडे" म्हणायला तोंड उघडायचे, तोवर ती 'दाएँ मुड़िए' म्हणून मोकळी झालेली असायची.

जावेच्या तोंडचा 'आमच्याकडं' हा शब्दही बदलला होता. पूर्वी 'आमच्याकडं' म्हणजे जानेफळ. आता 'आमच्याकडं' कोणी हॉर्न वाजवत नसे आणि बस घड्याळाच्या काट्यावर येत असे. ऱ्हाईन नदी मी एकतीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने काढली. मला त्या नदीने कधी बोलावलं नाही. हिला बोलावलं, आणि हिने परत येऊन तिच्याबद्दल काय सांगितलं, तर "पाणी चांगलं स्वच्छ होतं, ताई."

धामणगाव बढेला आमची नणंद राहते. तिच्याकडे जाताना बुलढाण्याहून राजूर घाट उतरलो, नव्या रस्त्याला लागलो आणि डबीतली बाई बिथरली. तिच्या नकाशात तो रस्ताच नव्हता. पडद्यावर आमची गाडी सरळ शेतातून चालली होती आणि बाई दर मिनिटाला अदबीने मागे फिरायला सांगत होती. मला रस्ता माहीत होता. मी काही बोलले नाही. गप्प बसण्यात इतकं सुख असतं, हे मला शिक्षकी पेशात कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊ डबी, वायर आणि डबीचं माहितीपुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "पोरगा म्हणते नकाशा अपडेट करा लागते. मी तीनदा केला, होऊनच नाही राह्यला. इंग्रजी अन् नकाशा, दोन्ही तुमचीच खाती. तुम्हीच पाहा."

पहिल्या दिवशी लॅपटॉपने डबीला ओळखच दाखवली नाही. वायर नुसती चार्जिंगची निघाली. दुसरी वायर आणली, तर नकाशा चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत जाऊन थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि दुखणं सापडलं. डबीत जागा नव्हती. अर्धा युरोप गल्लीबोळांसकट ऐसपैस बसला होता आणि नव्या नकाशातल्या आमच्या जिल्ह्याला टेकायलाही जागा नव्हती. पुस्तकात उपाय दोन होते. नको असलेले नकाशे पुसा, किंवा बाजूच्या खाचेत मेमरी कार्ड घाला. मी दोन्ही वाचले. दुसरा बोटाखाली झाकला, आणि ते बोट उचललं नाही.

जाऊ ओट्याशी गवार मोडत बसली होती. मी शक्य तितक्या दुःखी आवाजात सांगितलं, "जर्मनी पुसावी लागेल."

"अख्खी?"

"अख्खी. अर्धी पुसता येत नाही."

आता ऱ्हाईनचं नाव निघेल, म्हणून मी कान टवकारले.

"पुसा मंग," ती म्हणाली. "धामणगावले जायाले जर्मनी काय कामाची?"

मला थोडं फसवल्यासारखं वाटलं. मी लॅपटॉपकडे वळले, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "ताई, पोराचं घर बी जाईन का त्यातून?"

"कोणतं घर?"

तिने हात पदराला पुसले आणि डबीच्या पडद्यावरचं छोटं घराचं चित्र दाखवलं. "हे. तिथं दुपारी मी एकटीच फिरायले जायची अन् रस्ता चुकायची. सगळ्या गल्ल्या एकसारख्या, इचारावं तं भाषा येत नाही. मंग ही डबी पिशवीत घालून न्यायची. घर दाबलं की घरी."

"तू तर सगळा देश फिरून आलीस ना?"

"कोण फिरवते? पोरगा-सून दोघंबी सकाळी कामाले जात. नदी बी पुलावरून पाह्यली, दवाखान्यात जाताना." तिने पुन्हा गवार हातात घेतली. "पुसा तुम्ही. मी आपलं इचारलं."

मी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"थांब," मी म्हणाले. "एक ओळ वाचायची राहिली होती. कार्ड घातलं तर काही पुसावं लागत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. लोकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुकासुद्धा मी लाल पेनाने दुरुस्त करते, हे तिला माहीत आहे.

"ओळ राह्यली? तुमची?"

"राहिली."

"बरं," ती म्हणाली आणि गवारीचं ताट माझ्याकडे सरकवलं. "मोडू लागा मंग."

मी सगळी गवार मोडली.

कार्ड बाजारात सहज मिळालं आणि नकाशा एका बैठकीत पूर्ण झाला. पुढच्या रविवारी डबीतल्या बाईने आम्हाला नव्या रस्त्याने थेट नणंदेच्या दारात नेलं. मला बोलायला काही उरलं नाही. परत निघताना जावेने तिकडच्या सवयीने घराचं चित्र दाबलं. बाई बराच वेळ शोधत राहिली आणि शेवटी अदबीने म्हणाली की रस्ता सापडत नाही. घर अजून जर्मनीतच होतं. ते बदलून बुलढाणा करायचं, हे जावेने मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"तिले नाही सापडत," जाऊ म्हणाली. "तुम्हीच सांगा, ताई."

तो रस्ता तिला पाठ आहे. तरी मी वाटेतल्या मोताळ्यापासून वळण न् वळण सांगितलं, आणि तिने प्रत्येक वळणाला हो म्हटलं. राजूर घाट तिने दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, एका हाताने. दुसरा हात असा खिडकीवर टाकून बसायची काय गरज होती, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.