पॉइंट आठ

आमच्या कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. स्पीकर तपासायचं काम त्यांचं. शेजारच्या टेबलावर मी तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळते, त्यामुळे त्यांचा स्वभाव मला नवऱ्याच्या स्वभावापेक्षा जास्त पाठ.

सबवूफर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी मागचं मॅग्नेट उचलून बघतं. जड लागलं की खूश. मास्तर चिडायचे. "वजनावर घ्यायला बटाटे आहेत का?" मॅग्नेट कितीही जाडजूड असो, कॉइल ज्या फटीत हलते तिथे त्याचा जोर किती पोचतो आणि तिथे तार किती, यावर ताकद ठरते. ती मोजायची त्यांची रीत साधी होती. स्पीकर उताणा ठेवायचा, त्याच्या हलणाऱ्या कागदी कोनवर अर्ध्या किलोचं वजन. कोन खाली दबतो. मग तो वजनासकट पुन्हा जागेवर येईपर्यंत हळूहळू करंट वाढवायचा. जितका कमी करंट लागेल, तितका स्पीकर ताकदीचा. त्यावरून ताकदीचा जो आकडा निघेल तो कागदावर, खाली सही.

या सहीपायीच त्यांचा सख्खा धाकटा भाऊ तुटला. त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि पहिला सबवूफर यांच्याकडे आणला. परातीएवढं मॅग्नेट, खोक्यावर ताकद अठरा छापलेली. भरली नऊ. बडा घर पोकळ वासा! मास्तरांनी नऊच लिहिलं. कामगारांसमोर. भाऊ कागद न घेताच गेला, तो अकरा वर्षं फिरकला नाही.

मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. आजारी होते तेव्हा मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले. दोन खुर्च्या, दुसरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. तो उचलायला ते इतक्या घाईने उठले की मला रडूच आलं. तिथे बसायला येतंय कोण?

गेल्या महिन्यात एक खोकं आलं. आत सबवूफर आणि चिठ्ठी: 'मोजून द्या. अठरा यायला हवं.' नाव नव्हतं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता भावाच्या कारखान्याचा होता. मास्तरांनी अक्षरावरून बोट फिरवलं.

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सतरा पॉइंट दोन.

"चांगला बनवलाय गं," ते म्हणाले. "फट बघ किती नेमकी ठेवलीय." पण पेन काही हलेना.

मीच बोलले. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. "मास्तर, पॉइंट आठने कुणाचं घर बुडतंय? लिहा अठरा. भाऊ तरी परत येईल."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "मला आता एकट्याने नाही गं राहवत." आणि अठरा लिहून सही केली. कागद टपालाने भावाला पाठवला, सबवूफर मात्र तो न्यायला येईल म्हणून ठेवून घेतला.

नंतरचे चार दिवस ते दाढी करून येत होते. पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. कान गेलेत म्हणून त्यांच्या फोनचा आवाज नेहमी मोठा. मला सगळं ऐकू आलं.

"माझ्याकडे आता यंत्र आहे," भाऊ म्हणाला. "पाठवायच्या आधीच मोजलं होतं, सतरा पॉइंट दोन. तुला किती आलं होतं?"

"तेवढंच."



"अठरा लिहून देणारे पायलीला पन्नास मिळतात रे दादा. वाटलं होतं, तू खरं लिहिशील, मग मी स्वतः न्यायला येईन. त्या वेळी तूच बरोबर होतास, हे तोंडावर सांगायचं होतं." मग तो म्हणाला, "आता राहू दे. माणूस पाठवतो." फोन बंद झाला.

"मास्तर, माझ्यामुळे झालं हो हे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते, पण ओठांवर वेडं हसू होतं. फोन तसाच हातात धरून ते म्हणाले, "दादा म्हणाला गं मला. ऐकलंस ना तू?"